वन्संकडे चालणारा नवरा

माझा नवरा अजून चालू शकतो, हे मला मोबाइलवर कळलं. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, दर थोड्या वेळाने डोळ्यात थेंब घालून मी पडून होते, आणि तेवढ्या दिवसांपुरतं ह्यांना त्यांच्या मोठ्या बहिणीकडे पावसला ठेवलं होतं. वन्संनी शेजारणीकडून काढून घेतलेला व्हिडिओ आला. वन्संच्या घरापासून रस्त्याला उतरणारी जांभ्याच्या पायऱ्यांची पाखाडी आहे. ती पाखाडी हे एकेक पायरी करत सरळ उतरत होते. हातात काठी होती, पण टेकत नव्हते. शेवटच्या पायरीवर थांबून कॅमेऱ्याकडे बघून हसलेसुद्धा. मागून वन्संचा आवाज आला, “बघ गो, कसा चालतोय तो.”

एका डोळ्यावर पट्टी होती, म्हणून दुसऱ्या डोळ्याने मी तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा पाहिला. बाईला आनंद झाला असेल, असं कुणालाही वाटेल. मला नाही झाला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

कारण माझ्या घरात हाच माणूस जेवण झालं की स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी येऊन खिळून उभा राहायचा. पुढे पाय निघत नाही, मागे वळता येत नाही. मी एका हाताने कंबर धरायची, दुसऱ्याने गुडघ्यामागे हलकं ढकलायचं, आणि तोंडाने “हां, उजवा, उजवा” म्हणत राहायचं. असं करून उंबरा ओलांडेपर्यंत माझाच जीव मेटाकुटीला यायचा. त्यांचा चेहरा मात्र कोरा. ह्या आजारात चेहऱ्यावर भाव उमटत नाहीत, हे मला माहीत आहे. तरी पावसच्या पाखाडीवर ते हसले होते, आणि तेही मी पाहिलं होतं.

आजार पार्किन्सन्सचा. हे मोजणी खात्यात होते. जिल्ह्यातले कातळ, आमराया, भाताचे मळे ह्यांनी पायाखाली घातलेले, आणि नकाशावरचं अक्षर छापल्यासारखं. निवृत्तीच्या आधी ते अक्षर बारीक होत होत मुंगीएवढं झालं, तेव्हा आम्ही शहाण्यासारखा चष्म्याचा नंबर बदलला. पुढे उजवा हात कापायला लागला, शर्टाची बटणं लागेनात, तेव्हा कुठे खरं काय ते कळलं. गोळ्या सुरू झाल्या आणि पहिली काही वर्षं अशी गेली की आजार आहे हे लोकांना सांगावं लागे. मग गोळ्यांचा भरवसा राहिला नाही. एखादी गोळी घेतली की तासाभरात माणूस मोकळा व्हायचा, आणि एखादी घेतली काय न घेतली काय, सारखंच.

मी काही हातावर हात ठेवून बसले नव्हते. व्यायाम शिकवणाऱ्या मुलीने सांगितलं म्हणून घरभर फरशीवर पिवळ्या चिकटपट्ट्या लावल्या होत्या. पट्टी दिसली की ती ओलांडायची एवढंच मनात आणायचं, मग अडकलेला पाय सुटतो, असं तिचं म्हणणं. सकाळी उठल्या उठल्या ते जमायचंही. खाणंपिणं झालं की मात्र पट्ट्या नुसत्या दिसत राहायच्या. औषध मी स्वतःच्या हाताने द्यायची, आणि रिकाम्या पोटी कधी द्यायची नाही. आमच्या माहेरी तापाची गोळीसुद्धा चार घास खाल्ल्याशिवाय कुणी घेतली नाही. म्हणून सकाळची गोळी दूध आणि उकडलेल्या अंड्यांबरोबर, आणि दुपारची जेवणात, निम्मं जेवण झालं की. दुपारी मासे. ह्यांना माशाशिवाय जेवण म्हणजे शिक्षा, आणि आजारी माणसाच्या अंगात ताकद नको का? मिरकरवाड्याच्या बंदरावर जाऊन मी स्वतः निवडून आणायची. सौंदाळे, बांगडे, परवडली तर सुरमई. हात कापतो म्हणून काटे मी काढायची आणि घासही मीच भरवायची.

डोळ्याची पट्टी निघाली आणि हे परत आले. रिक्षातून उतरून अंगण चालत ओलांडलं, पायरी चढले, शेजारच्यांनी पाहिलंसुद्धा. मी त्यांच्या आवडीचं बांगड्याचं तिखलं केलं होतं. पोटभर जेवले, आणि उठायची वेळ आली तेव्हा खुर्चीला चिकटले. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच.

तेव्हा माझ्या मनात जे आलं ते मी कुणाला सांगितलं नाही. मला वाटलं, हा माणूस सोंग करतोय. बहिणीकडे उभारी येते आणि बायकोकडे आल्यावर अंग टाकून देतो. बायको आहेच कंबर धरायला. एकदा तर मी मुद्दाम बाहेरच्या खोलीत जाऊन दाराआडून बघत उभी राहिले, मी नसताना चालतात का. ते तसेच बसून होते, ताटातल्या उरलेल्या भाताकडे बघत. मला थोडी लाज वाटली, पण राग गेला नाही.

वन्संचा फोन रोज यायचा. कसा आहे तो, चालतो का तो. माझ्या नवऱ्याला “तो” म्हणणारी जगात आता तेवढी एकच बाई उरली आहे, आणि त्या दिवसांत तो शब्द माझ्या कानाला टोचायचा. मी म्हणायची, छान आहेत, आत्ताच बागेत फेरी मारून आले. आमची बाग म्हणजे अंगणातला एक कढीपत्ता आणि दोन जास्वंदी. आणि फोन ठेवला की मी आणखी चांगले मासे शोधायला निघायची. वन्सं पावसला मठात जायला लागल्यापासून मासे सोडून बसल्या आहेत. त्यांच्याकडे चार दिवस भात-भाजी खाऊन ह्यांच्या तोंडाची चव गेली असेल, आपल्या हातचं खाऊन तरी उठतील, असं मला वाटायचं. मी जेवणातून वन्संवर मात करायला निघाले होते.

माझी थाप फार दिवस टिकली नाही. एके दुपारी वन्सं न सांगता येऊन उभ्या राहिल्या. आम्ही नुकतेच जेवलो होतो आणि हे उंबऱ्यावर अडकले होते. वन्संनी पिशवी खाली ठेवली, ह्यांचा दुसरा हात धरला, आणि आम्ही दोघींनी मिळून ह्यांना पलंगावर नेलं. मग त्या मला म्हणाल्या, “माझ्याकडे राहू दे त्याला. माझ्याकडे तो बरा असतो.”

त्या काही भांडायला आल्या नव्हत्या. घर मोकळं होतं, मुलगा-सून मुंबईला. त्या मुलाने बरंच काय काय शोधून काढलं होतं. आता म्हणे नवीन उपचार आलेत. डोक्यात बारीक तारा बसवतात आणि छातीत बॅटरी, त्याने थरथर थांबते. ते नको असेल तर एक पंप असतो. पोटाच्या कातडीखाली सुई, कमरेला यंत्र, आणि दिवसभर थेंब थेंब औषध जात राहतं, म्हणजे गोळीच्या लहरीवर बसायला नको. सुई रोज बदलावी लागते. वन्सं म्हणाल्या, ते मी शिकून घेईन. आई गेली तेव्हा हा एवढासा होता, मीच न्हाऊमाखू घातलंय, मला काय जड आहे.

माझ्या नवऱ्याच्या पोटात सुई टोचायची ती वन्संनी, आणि मी काय करायचं, आठवड्यातून एकदा बिस्किटांचा पुडा घेऊन भेटायला जायचं? मी चहाचं आधण ठेवायला उठले, नाहीतर तोंडातून काहीतरी गेलं असतं. आतून ऐकलं, वन्सं ह्यांना विचारत होत्या, येतोस ना रे? आणि हे सावकाश, त्या पुटपुटत्या आवाजात म्हणाले की बघूया जाऊन. चाळीसएक वर्षांच्या संसाराचं पुढे काय व्हायचं ते त्या दोन शब्दांवर येऊन थांबलं होतं. चहात साखर घालायची मी विसरले, आणि वन्संनी तो तसाच प्यायला.

शेवटी एवढं ठरलं की आधी मेंदूच्या डॉक्टरांना दाखवायचं, पंपाचं विचारायचं, आणि मग ह्यांनी कुठे राहायचं ते बघायचं. ह्या डॉक्टर महिन्यातून एकदा कोल्हापूरहून रत्नागिरीला येतात. मी म्हटलं, मी नेते. वन्सं म्हणाल्या, मीपण येते. मग आम्ही तिघे गेलो, हे मध्ये आणि आम्ही दोन्ही बाजूंना.

डॉक्टरबाई वयाने लहान, पण घाई करणाऱ्या नव्हत्या. ह्यांना बोटं आपटायला लावली, उठून चालायला लावलं. वन्संनी नातवंडांची नवलाई सांगावी तसं पंपाचं सगळं सांगितलं. डॉक्टरबाईंनी ऐकून घेतलं. म्हणाल्या, दोन्ही उपचार चांगले आहेत, योग्य माणसाला खूप उपयोग होतो, पण आधी मला सांगा, हे दिवसात केव्हा मोकळे असतात आणि केव्हा ताठतात. वन्सं म्हणाल्या, माझ्याकडे दिवसभर मोकळा असतो. मी म्हटलं, आमच्याकडेही मोकळेच असतात, दुपारी जरा आळसावतात इतकंच. डॉक्टरबाईंनी आम्हा दोघींना सोडून ह्यांच्याकडे पाहिलं. तुम्ही सांगा, म्हणाल्या.

हे म्हणाले, “हिच्याकडे ताठतो. ताईकडे चालतो.”

स्वतःच्या घराला ते “हिच्याकडे” म्हणाले. डॉक्टरांच्या खोलीत पंखा फिरत होता आणि माझे कान तापले होते. मला वन्संचा इतका मत्सर आयुष्यात कधी वाटला नव्हता. लग्न होऊन आले तेव्हा त्या घरच्या मालकीणबाई होत्या, किल्ल्या त्यांच्या कमरेला होत्या, तेव्हाही नाही.

डॉक्टरबाई म्हणाल्या, “दोघींच्या घरी हे काय खातात? सकाळपासून सांगा.”

वन्सं म्हणाल्या की सकाळी पेज आणि लोणचं. बाराला गोळी, कारण चिठ्ठीवर बारा लिहिलंय. माझी पूजा, नैवेद्य व्हायचा असतो, त्यामुळे पान वाढायला दीड होतो, तोवर तो बसतो बिचारा. जेवायला भात, एखादी पालेभाजी, सोलकढी. डॉक्टरबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी चांगलं मोठ्याने सांगितलं. सकाळी दूध आणि दोन अंडी आणि त्याबरोबर गोळी. दुपारी रोज मासे, कालवण वेगळं आणि तळलेले वेगळे, आणि गोळी जेवतानाच, पोटात आधार असताना. रिकाम्या पोटी मी कधीच देत नाही. वन्संच्या पालेभाजीचं आता काय ते कळेल, अशा थाटात मी थांबले.

डॉक्टरबाई हसल्या नाहीत, हे त्यांचे उपकार. त्यांनी सांगितलं की मासे, अंडी, दूध ह्यांत जे ताकद देणारं असतं, तेच पोटातून पुढे जाताना ह्या गोळीच्या वाटेत येतं. दोघांना जायचं दार एकच. मासे आधी घुसतात आणि गोळी बाहेर ताटकळत राहते. सगळ्यांना इतका त्रास होत नाही, पण आजार जुना झाला की काहींना होतो, आणि ह्यांना होतोय असं दिसतंय. गोळी जेवणाच्या बऱ्यापैकी आधी घ्यायची. दिवसा हलकं खायचं, आणि मासे-अंडी रात्रीच्या जेवणात. एकदम बंद मात्र करायची नाहीत, नाहीतर वजन उतरेल. महिनाभर असं करून या, मग पंपाचं बोलू. वन्संनी विचारलं की मग रात्री काय होईल? रात्री थोडे ताठतील, डॉक्टरबाई म्हणाल्या, पण तेव्हा झोपायचंच असतं.

बाहेर बाकावर बसलो तेव्हा माझ्या मनात पहिल्यांदा जे आलं ते असं, की हे बहिणीला बघून चालत नव्हते. पेज आणि पालेभाजी खाऊन चालत होते. वन्संच्या मायेचा त्यात काडीचाही संबंध नव्हता, आणि त्या उशिरा पान वाढतात हेच त्यांचं औषध ठरलं होतं. मला इतकं हलकं वाटलं की मी वन्संना ताक पाजलं. मग रिक्षात बसल्यावर दुसरी बाजू कळली. माझ्या मायेचा मात्र संबंध होता. मी जितकं निवडून आणलं, जितकं भरवलं, तितकी ती गोळी बाहेर उभी राहिली. मिरकरवाड्यावरून येणारा वास रिक्षात शिरला आणि मी पदर नाकाला लावला.

महिनाभर मी घड्याळ लावून गोळ्या दिल्या, त्याही नुसत्या पाण्याबरोबर. सकाळी पेज, दुपारी भात आणि भाजी. दुपारी ताटात मासा नाही हे बघून हे पहिले काही दिवस माझ्याकडे असे बघायचे की मीच मासा खाऊन बसले आहे. पण पाय सुटले. जेवून उठायला लागले, पिवळ्या पट्ट्यांकडे न बघता बाहेरच्या खोलीत जायला लागले. पुन्हा गेलो तेव्हा डॉक्टरबाई म्हणाल्या की आत्ता पंपाची घाई नको, पुढे लागेल तेव्हा बघू. पावसला राहायला जायचं कुणी पुन्हा काढलं नाही.

आता मी सुखी व्हायला हवं होतं. पण मोकळा झालेला माणूस घरात बसेल कशाला? खात्यातले जुने सोबती त्यांना भाट्याच्या किनाऱ्यावर घेऊन जायला लागले. आठवड्यातून एकदा रिक्षा करून पावस, ताईकडे, तिथे दुपारचं भात-भाजीचं जेवण. रस्त्यात लोक मला थांबवून सांगायचे, किती सुधारले हो तुमचे हे, काल काय गप्पा मारल्या. माझ्याशी कुठे मारल्या होत्या? माझ्या वाट्याला आठनंतरचा माणूस यायचा. मी मासा भरवायची, आणि थोड्या वेळाने तो ताठायचा. मग त्याला उठवायचं, न्यायचं, निजवायचं, कुशीवर वळवायचं. चांगले तास सगळ्या रत्नागिरीने वाटून घेतले होते आणि उरलेले मला ठेवले होते. आधी मला एका वन्संचा हेवा वाटायचा. आता किनाऱ्यावरच्या बाकाचाही वाटायला लागला.

वन्सं गुडघा दाखवायला रत्नागिरीला आल्या आणि त्या दिवशी राहिल्या. संध्याकाळी ह्यांनी त्यांना अंगणात फिरून दाखवलं, जुन्या मोजणीच्या गमती सांगितल्या. वन्सं हसून हसून दमल्या. मी आत सौंदाळे साफ करत ते ऐकत होते. मग आम्ही जेवायला बसलो. वन्संचं पान जरा बाजूला, वरण-भाताचं. मी ह्यांच्या शेजारी खुर्ची ओढून नेहमीसारखी काटे काढायला लागले.

वन्संनी थोडा वेळ पाहिलं आणि मग म्हणाल्या, अगदी मायेने, की रे, एवढा छान असतोस दिवसभर. ह्या एका माशापायी रात्र कशाला नासवतोस? माझ्यासारखं मासे सोडून दे. ताकदीला रात्री थोडी डाळ खा, पनीर खा. हिलाही ओढाताण नको. त्या बरोबरच बोलत होत्या, असं मला वाटलं. पनीर काय आणि मासा काय, गोळीला सारखेच आडवे येणार, हे माझ्या लक्षातच आलं नाही. मी काटा काढता काढता थांबले. मासे सुटले तर माझ्याकडे ह्यांचं काय उरणार होतं, हा एकच विचार मनात होता.

ह्यांनी घास गिळायला वेळ लावला. मग म्हणाले, “ताई, दिवसभर मी गोळ्यांसाठी जेवतो. हे एक जेवण माझं आहे. हिच्या हातचं.” थोडं थांबून, दम घेऊन म्हणाले, “ताठलो तर ही आहे.”

एवढं बोलून त्यांनी तोंड उघडलं, लहान मूल उघडतं तसं, माझ्याकडे वळून.

वन्संचा हात वरण-भातात तसाच राहिला. त्या माझ्या हाताकडे बघत होत्या, हातातल्या घासाकडे, आणि मग ह्यांच्या उघड्या तोंडाकडे. आई गेल्यावर ज्या तोंडात पहिला घास त्यांनी घातला असेल, ते हे तोंड. ती नजर मला चांगली ओळखीची होती. मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही. मी उरलेला काटा काढला आणि त्यांच्यादेखत घास भरवला.